एक डीलक्स, एक स्टँडर्ड: रिकनबॅकरच्या दोन बास गिटारींच्या कामाच्या नोंदी (मिरज)

१० मार्च २०२५

एकाच मालकाचे दोन बास बाकावर आलेत. पहिला रिकनबॅकर या अमेरिकी कंपनीचा ४००१, कडेला पांढऱ्या पट्टीचा आणि त्रिकोणी नक्षीचा, म्हणजे डीलक्स. दुसरा ४००३एस. याच्या कडेला पट्टी नाही, फिंगरबोर्डवर साधे ठिपके, म्हणजे स्टँडर्ड. 'एस' हे अक्षर स्टँडर्डचंच. मालकाचं म्हणणं असं: डीलक्स गुरगुरतो, स्टँडर्ड जाड वाजतो, डीलक्सची दुरुस्ती करा आणि स्टँडर्डला डीलक्स करता येईल का ते सांगा.

आधी साल काढलं. १९६१ ते १९८६ या काळातल्या रिकनबॅकरच्या जॅकप्लेटवर (केबल घालायच्या जागेचा धातूचा पत्रा) दोन अक्षरं असतात. पहिलं सालाचं, ए म्हणजे १९६१ आणि झेड म्हणजे १९८६. दुसरं महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी आणि एल म्हणजे डिसेंबर. डीलक्सवर 'आर ई', म्हणजे मे १९७८. स्टँडर्डवर 'झेड सी', म्हणजे मार्च १९८६. जॅकप्लेट काही स्क्रूंवर बसलेली असते, ती बदलणं सोपं असतं. म्हणून आतले पॉटही (नॉबने फिरणारे रेझिस्टर) पाहिले. १३७ हा सीटीएस कंपनीचा आकडा, त्यापुढे साल आणि आठवडा. डीलक्सच्या तीन पॉटवर १९७८ च्या सुरुवातीचे आठवडे आहेत, चौथा पॉट अलीकडचा. प्लेट खरी धरायला हरकत नाही.

म्हणजे या दोघांत सजावटीखेरीज आठ वर्षांचंही अंतर आहे. पुढचं सगळं काम या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचं आहे.

वजन: डीलक्स ४.३ किलो, स्टँडर्ड ४.१ किलो. दोन्हींची स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३३¼ इंच, दोन्हींना २० फ्रेट, दोन्हींचा मेपलचा नेक बॉडीतून आरपार गेलेला.

११ मार्च

बाकावर नसलेल्या बासांविषयी थोडं, कारण मालकाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

रॉजर रॉसमायझलच्या आराखड्यावरचा ४००० हा बास १९५७ मध्ये आला. एकच पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग), साधे ठिपके, कडेला पट्टी नाही. १९६१ मध्ये त्याचा उंची भाऊ ४००१ आला: दोन पिकअप, बॉडीला आणि नेकला पट्टी, त्रिकोणी नक्षी. त्यानंतर ४००१एस आला. त्याचं आतलं सामान ४००१ चं, बाहेरचा साज ४००० चा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा १९६४ चा डावखुरा बास आणि येस बँडच्या ख्रिस स्क्वायरचा बास हे दोन्ही ठिपकेवाले, बिनपट्टीचे. रश बँडच्या गेडी लीचा मात्र ४००१. रिकनबॅकरचा आवाज म्हणून लोकांच्या कानात जो बसलाय, त्यातला मोठा वाटा स्टँडर्ड साजाच्या बासांचा आहे. डीलक्स शब्दावरून आवाजाचा अंदाज बांधायला इथेच हरकत घ्यावी लागते.

फेंडर या दुसऱ्या कंपनीच्या घरात याच शब्दाचा अर्थ निराळा होता. १९६० चा जॅझ बास डीलक्स म्हणून आणला, तेव्हा पिकअप, बॉडीचा आकार, नेकची रुंदी सगळंच त्यांच्या आधीच्या प्रिसिजन बासपेक्षा वेगळं होतं. रिकनबॅकरमध्ये लाकूड, आकार, स्केल तेच राहतं आणि साज बदलतो. मिरजेत साधा तंबोरा आणि नक्षीचा तंबोरा यांत जसा फरक करतात, तसा हा फरक. भोपळा तोच, तुनाचं लाकूड तेच, जवारी काढणारा हातही तोच.

१३ मार्च

मोजमापांचा दिवस. दुपारी खोलीत ३४ अंश.

आधी बास न उघडता जॅकवर मल्टिमीटर लावला. सगळे नॉब पूर्ण उघडे.

स्टँडर्ड: नेक पिकअप (नेकजवळचा) ९.९ किलोओहम, ब्रिज (तारांच्या मागच्या टोकाजवळचा) १०.४. पॉट ३३० चे आहेत. ते समांतर धरून हिशेब केला तर पिकअप १०.२ आणि १०.७ पडतात.

डीलक्स: नेक ७.६. ब्रिजवर स्विच टाकला तर आकडा वर सरकत जाऊन २४१ वर थांबला.

इथेच पुष्कळ बासांचा बळी जातो. २४१ पाहून पिकअपची तार तुटली असं ठरवतात, पिकअप बाहेर निघतो, गुंडाळायला जातो. पिकअप ठणठणीत असतो. या काळातल्या ४००१ मध्ये ब्रिज पिकअपच्या वाटेत ०.००४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये असतो. मीटरचा डीसी त्यातून जात नाही, म्हणून मीटर फक्त व्हॉल्यूमचा पॉट मोजतो. पिकगार्ड उघडून कपॅसिटरच्या अलीकडे पिकअपच्या तारेवरच मीटर लावला: ७.९. ठीक.

आणखी एक. तांब्याचा अवरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांत मोजलेला पिकअप आपल्याकडे ३८ अंशांत सात टक्के जास्त दाखवतो. थंड देशातल्या कुणी लिहिलेल्या आकड्याशी एप्रिलमधला सांगली-मिरजेतला आकडा जुळवत बसू नये.

१५ मार्च

गुरगुर कुठून येते, याचा हिशेब.

सिरीजमधला कपॅसिटर आणि पुढचा भार मिळून खालचे स्वर कापतात. पॉट २४१ किलोओहम आणि अँपचा १ मेगओहम समांतर धरला तर भार १९४. त्यावर ०.००४७ चा कट सुमारे १७५ हर्ट्झला पडतो. बासची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची. म्हणजे ब्रिज पिकअप एकटा वाजवला तर त्या तारेचा मूळ स्वर जवळपास १३ डेसिबलने खाली जातो आणि वरचे स्वर तसेच राहतात.

दोन्ही पिकअप एकत्र केले की परिणाम आणखी ठळक होतो. १०० हर्ट्झला या कपॅसिटरचा अडथळा सुमारे ३४० किलोओहम, आणि समोर नेक पिकअपची ८ किलोओहमची वाट मोकळी. ब्रिजकडून खालचे स्वर येऊच शकत नाहीत. खालचा आवाज सगळा नेकचा, वरची खरखर ब्रिजची. मालक ज्याला गुरगुर म्हणतात ती ही.

१९८४ च्या आसपास कारखान्याने हा कपॅसिटर काढून टाकला. म्हणून १९८६ च्या स्टँडर्डमध्ये तो नाही, आणि त्या साली घेतलेल्या डीलक्समध्येही नसता. उलट साठच्या दशकातल्या स्टँडर्डमध्ये तो होता. मालकाला ऐकू येणारा फरक खरा आहे. तो पट्टीचा किंवा त्रिकोणांचा नाही, सालाचा आहे.

मग साजामुळे खरोखर काय बदलतं? या दोघांपुरतं सांगायचं तर पट्टी, नक्षी आणि जॅक. डीलक्सला दोन जॅक: एक साधा, दुसरा रिक-ओ-साउंड, ज्यात नेक एका वाटेने आणि ब्रिज दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो. त्याला स्टिरिओ केबल आणि दोन अँप लागतात. साधी केबल घातली तर एका पिकअपची वाट थेट जमिनीला लागते आणि एकच पिकअप ऐकू येतो. हाही बिघाड नाही. स्टँडर्डला एकच जॅक, तो घोळ तिथे नाहीच.

१९ मार्च

डीलक्सचा नेक. तारा ४५ ते १०५ च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) राउंडवाउंड, म्हणजे वर गोल तार गुंडाळलेल्या, होत्या. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून आठव्यावर तार आणि फ्रेट यांतली फट फीलर गेजने मोजली: ०.७ मिमी. म्हणजे नेक फार वाकलाय.

४००१ च्या नेकमध्ये दोन रॉड (तारांच्या ओढीला तोलणाऱ्या धातूच्या सळया) असतात, दोन्ही दुमडलेले, नट हेडस्टॉककडे. बाकीच्या गिटारींसारखा नट फिरवून नेक ओढायचा नसतो. रॉड नेकला जागेवर धरून ठेवतो, नेक आपण हाताने आणायचा. तारांच्या ताणाखाली जोराने नट आवळला तर दोनपैकी एक होतं: रॉडचे आटे जातात, नाहीतर रॉड फुगून फिंगरबोर्ड नटाजवळ लाकडापासून सुटतो. या बासवर तिथे केसाएवढी फट आधीच आहे. कुणीतरी प्रयत्न केलेला दिसतो.

केलेलं काम असं. तारा पूर्ण सैल. हेडस्टॉकवरची नावाची पट्टी काढली. पाव इंची पातळ भिंतीच्या पान्याने दोन्ही नट मोकळे केले, आटे ब्रशने साफ केले, मेणाचा हात दिला. फटीत पातळ सरस कोमट करून सुरीच्या पात्याने सोडला, कॉर्क लावून शिकंजा २४ तास. दुसऱ्या दिवशी नेक बाकावर धरून, मध्ये ठोकळा आणि दोन टोकांना शिकंजे लावून सरळ रेषेच्या किंचित मागे नेला. मग दोन्ही नट बोटाने लागतील तितके आणि वर पाव फेरा. जाड तारांकडची बाजू आणि बारीक तारांकडची बाजू सारखी. दोन रॉडचा फायदा असा की नेकला पीळ असेल तर एक नट कमी-जास्त ठेवून तो काढता येतो. इथे पीळ नव्हता.

तारा ४० ते १०० घातल्या. ताणाखाली आठव्या फ्रेटला ०.२५ मिमी. राहू द्यायचं.

स्टँडर्डचा नेक: नट पाव फेरा, ०.२५ मिमी. दहा मिनिटांचं काम. ४००३ हे मॉडेल राउंडवाउंड तारांचा ताण धरूनच काढलं होतं आणि या सालचे रॉड नट फिरवून जुळतात. हाही सालाचाच फरक.

२४ मार्च

टेलपीस, म्हणजे तारांची मागची टोकं धरणारी धातूची पट्टी. दोन्हींची मागची कड बॉडीपासून उचललेली: डीलक्स १.२ मिमी, स्टँडर्ड ०.५. चार तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण मागच्या कडेला धरलेला असतो. ओतीव झिंक हळूहळू वाकतं, नाहीतर स्क्रू सैल होतात. आधी कोणतं झालंय ते बघायचं. तारा काढून पट्टी काचेवर ठेवली. स्टँडर्डची पट्टी सपाट, म्हणजे स्क्रू सैल. डीलक्सची पट्टी स्वतःच वाकलेली.

वाकलेली पट्टी हातोडीने सरळ करायला जाऊ नये, ओतीव झिंक तुटतं. १.२ मिमी चालण्यासारखं आहे, मूळ पट्टी ठेवली. स्क्रू मात्र घट्ट हवेत. स्टँडर्डच्या दोन भोकांचे आटे गेले होते. बाजारातली गोल दांडी ठोकून भोक बुजवतात, पण दांडीचं तोंड म्हणजे लाकडाचं शेंडं, त्यात स्क्रू कमी धरतो. जुन्या मोडक्या गिटारच्या मेपल नेकमधून आडव्या रेषेच्या ८ मिमी गुल्ल्या कापल्या, पिवळा गोंद, एक रात्र, मग २.५ मिमीचं भोक.

२८ मार्च

डीलक्सची कडेची पांढरी पट्टी, म्हणजे मुख्य मजुरी.

खालच्या शिंगाच्या आतल्या वळणावर पट्टी ७४ मिमी लांब सुटलीय, सर्वांत जास्त १.१ मिमी. प्लास्टिक वर्षानुवर्षं आटतं आणि आतल्या वळणावर धनुष्याच्या दोरीसारखं सरळ व्हायला बघतं. बाहेरच्या वळणावर ते आवळलं जातं, म्हणून तिथे सहसा सुटत नाही.

गोंद ठरवायच्या आधी पट्टी कशाची आहे ते कळायला हवं. शेजारच्या तंबोरेवाल्या चाचांकडची रीत वापरली: सुटलेल्या पट्टीची आतली बाजू कोरड्या सुती फडक्याने गरम होईपर्यंत घासायची आणि लगेच नाकाशी न्यायची. सेल्युलॉइड असेल तर कापराचा वास येतो, कारण ते कापूर घालूनच बनतं. जुन्या तंबोऱ्याच्या पट्ट्यांना हा वास हमखास येतो. इथे आला नाही. कानकोरण्याच्या कापसावर ॲसिटोनचा एक थेंब घेऊन आतल्या बाजूला टेकवला: पृष्ठभाग चिकट झाला, कापसाचे तंतू त्याला धरून राहिले. एबीएसच्या जातीचं प्लास्टिक.

ॲसिटोनचा गोंद त्याला उत्तम धरला असता, पण वरच्या व्हार्निशवर एक थेंब सांडला तर कायमचा डाग. म्हणून मध्यम जाडीचा सुपर ग्लू. पातळ घेतला तर तो फटीतून पळून व्हार्निशखाली शिरतो.

क्रम: खाचेतला जुना गोंद दातकोरणीच्या जाडीच्या पटाशीने खरवडला. वळणाच्या दोन्ही बाजूंना टेप. हेअर ड्रायर २० सेंमीवरून, पट्टी हाताला सोसेल इतकीच गरम, दोन मिनिटं. गोंद न लावता एकदा दाबून बघितली. जोडाजवळ १.५ मिमी कमी पडते. ताणून बसवली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुटणार. म्हणून पट्टी जोडापाशी मोकळी सोडली, फट शेवटी भरायची. गोंद, मग सायकलच्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या बॉडीभोवती आवळून २० मिनिटं.

२९ मार्च

जोडातली १.५ मिमी फट: पांढऱ्या एबीएसचा भुगा ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी काडीच्या टोकाने भरली, भोवती दुहेरी टेप. नवा पांढरा रंग जुन्या पिवळसर पट्टीत ओरडतो. वर लाखेच्या पातळ पॉलिशमध्ये पिवळा रंग मिसळून तीन हात दिले. अर्ध्या हातावरून जोड दिसत नाही, जवळून दिसतो. दिसू द्यावा.

३ एप्रिल

फ्रेट. दोन्हींचे समतल करायचे होते, शिवाय स्टँडर्डचे दोन बदलायचे होते.

रिकनबॅकर फिंगरबोर्डवरही व्हार्निश देतो. साधा मास्किंग टेप ओढला की जुन्या व्हार्निशचे खवले निघून येतात. कमी चिकटीचा टेप, तोही फडक्यावर दोनदा चिकटवून मग बोर्डवर, आणि अर्ध्या तासात काढायचा. फ्रेट उपसायच्या आधी दोन्ही कडांनी व्हार्निश धारदार पात्याने कापून घ्यायचं.

हेच दोन फ्रेट डीलक्सवर बदलायचे असते तर वेळ तिप्पट लागला असता. बिनपट्टीच्या नेकवर फ्रेटचं पातं कडेपर्यंत आरपार जातं, ठोकलं आणि कानशीने घासलं की झालं. पट्टीच्या नेकवर प्रत्येक टोकाचं खालचं पातं पट्टीच्या जाडीइतकं, सुमारे दीड मिमी, कापून वरचा मणी तेवढा पट्टीवर टेकवावा लागतो. २० फ्रेटची ४० टोकं. शिवाय उपसताना सोल्डरिंग आयर्नने फ्रेट तापवतात, ती उष्णता त्रिकोणातल्या राळेला लागली की कड खचते. तापवायचंच झालं तर पाच सेकंद, आणि नक्षीवर ओलं फडकं. १९७३ च्या सुमारापर्यंत ही नक्षी बोर्डच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत असे. त्या बासांना हा धोका जास्त. १९७८ चे त्रिकोण कडेच्या अलीकडेच थांबतात.

पट्टीचा एक खरा उपयोग मात्र आज हाताला लागला. दुपारी खोलीतली आर्द्रता २९ टक्के. स्टँडर्डच्या नेककडेने बोट फिरवलं तर प्रत्येक फ्रेटचं टोक टोचतं, कारण लाकूड आटलंय आणि धातू तेवढाच आहे. डीलक्सला ती टोकं पट्टीच्या आत आहेत, बोट गुळगुळीत सरकतं. स्टँडर्डची टोकं बारीक कानशीने ३५ अंशांत घासून गोल केली. जूनमध्ये लाकूड पुन्हा फुगेल, म्हणून गरजेपेक्षा जास्त घासली नाहीत.

८ एप्रिल

मालकाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. स्टँडर्डला पट्टी बसवायची नाही. बॉडीच्या दोन्ही कडांना मूळ रंगातून राउटर (लाकूड कोरणारं यंत्र) फिरवून खाच पाडावी लागेल, नेकच्या दोन्ही कडा कापाव्या लागतील, वीसही फ्रेट काढावे लागतील, ठिपके उकरून त्रिकोण बसवावे लागतील. शेवटी हातात ना खरा स्टँडर्ड, ना खरा डीलक्स. आवाजात काही पडणार नाही. जो आवाज हवा आहे त्याला एक कपॅसिटर लागतो, आणि तो परत काढता येतो. मालकांनी मानलं.

११ एप्रिल

स्टँडर्डमध्ये कपॅसिटर. भोक पाडायचं नाही, म्हणून ब्रिजच्या टोन पॉटच्या जागी पुश-पुल पॉट (दांडी ओढली की स्विचचंही काम करणारा). ३३० चा पुश-पुल मिळाला नाही. ५०० चा घेऊन त्याच्या दोन टोकांत १ मेगओहमचा रेझिस्टर समांतर लावला, ३३३ पडतो. मूळ पॉट पाकिटात घालून केसमध्ये ठेवला.

जोडणी: ब्रिज पिकअपची तार आणि व्हॉल्यूम पॉट यांच्या मध्ये कपॅसिटर, स्विचची एक जोडी त्याला समांतर. दांडी आत असताना स्विच कपॅसिटर शॉर्ट करतो, म्हणजे बास कारखान्यातून आला तसा. दांडी ओढली की कपॅसिटर वाटेत येतो.

दोन चुका टाळायच्या. दुकानातून कपॅसिटर आणताना अंगावर ४७२ लिहिलंय का बघावं. पहिल्या फेरीत ४७३ आला होता. तो ०.०४७, दहापट. त्याचा कट १४ हर्ट्झच्या आसपास जातो, फरक ऐकूच येत नाही, आणि जोडणी चुकली असं वाटून माणूस सोल्डर उकरत बसतो. दुसरं, दांडी पाव इंचाची म्हणजे ६.३५ मिमी हवी. इथे सहज मिळणाऱ्या ६ मिमीच्या दांडीवर मूळ नॉब डुलतो.

दांडी ओढून ब्रिजवर वाजवला: ई तारेचं पोट गेलं, वरची धार तशीच राहिली. दोन्ही पिकअप एकत्र केले तर डीलक्सच्या अगदी जवळ. १९८६ चे पिकअप जास्त गुंडाळलेले असल्याने किंचित जास्त जाड, तेवढा फरक राहणार.

१६ एप्रिल

इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं. ब्रिजचे स्क्रू तार ताणलेली असताना नीट फिरत नाहीत. प्रत्येक वेळी तार सैल करून, ब्रिज किंचित उचलून, अर्धा फेरा, परत सुरात, परत बघणं. चार तारांना तासभर गेला. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन्हींना ई तार २.२ मिमी, जी तार १.८.

तारांचा आवाज दाबणाऱ्या फोमच्या म्यूटचा दोन्हींत चुरा झाला होता. नवा ६ मिमीचा फोम कापून बसवला, अंगठ्याचे स्क्रू सैल ठेवले.

२१ एप्रिल

पाच दिवसांनी पुन्हा मोजलं. डीलक्स ०.२५, स्टँडर्ड ०.३. डीलक्सची पट्टी जागेवर, नखाला कड लागत नाही. टेलपीसच्या फटी तेवढ्याच. जुना पॉट, जुने दोन फ्रेट, निघालेली पट्टीची चिरफाळी आणि दोन्ही वायरिंगचे हाताने काढलेले नकाशे केसमध्ये ठेवले. जुलैत आर्द्रता चढल्यावर डीलक्सचा नेक एकदा तपासायला आणावा, आणि तोवर हेडस्टॉकचे नट कुणाला फिरवू देऊ नयेत, असं चिठ्ठीवर लिहून केसला बांधलं.